छापील तारांचा धंदा

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'छापील तारा' असे लिहून पाठविले. त्यांची समजूत झाली की आम्ही तारखात्यावर बोलणार. सरकारी तारसेवा २०१३ साली बंदच झाली, तेव्हा तिचा इतिहास सांगायला आता कोणाची हरकत असणार, असा त्यांचा निरोप आला. गैरसमज दूर करावा म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो, माळ्यावरचा एक जुना ट्रान्झिस्टर खाली काढविला आणि पाठीमागचे झाकण उघडून दाखविले. आत एक तपकिरी पाटी होती. तिच्या एका अंगाला बारीकसारीक भाग उभे होते आणि दुसऱ्या अंगाला तांब्याच्या रेघांची नक्षी होती. त्या रेघा म्हणजेच छापील तारा. ही नक्षी कोणीतरी बसून काढलेली असते, ती काढण्याचा एक धंदा आहे, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत पार बदलून गेला, इतके ऐकल्यावर चिटणीस म्हणाले, "मग हेच बोला."

आम्ही विद्वान नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते वस्तादाच्या हाताखाली, युनियनच्या कचेरीत आणि अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. तेव्हा या व्याख्यानात पांडित्याची अपेक्षा श्रोत्यांनी करू नये. ज्या धंद्याने आम्हाला प्रथम भाकर दिली त्याची हकीगत सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

ही पाटी निघण्यापूर्वी रेडिओ कसा तयार होत असे ते आधी पाहिले पाहिजे. लोखंडी पत्र्याचा एक सांगाडा घ्यावयाचा, त्यावर व्हॉल्व्हचे बूड बसवावयाचे, आणि खालच्या अंगाने एकेक तार कापून, सोलून, तिला झाळून जोडावयाची. एका रेडिओत असे शेकडो सांधे असत. हे काम कारखान्यांतून बहुतेक बायका आणि मुली करीत. कोणती तार कोठे जाते हे त्यांच्या हाताला पाठ असे. म्हणजे रेडिओचे अर्धे ज्ञान इंजिनियराच्या कागदावर, तर अर्धे त्या मुलींच्या बोटांत, अशी वाटणी होती. ही वाटणी मोडण्याचे काम ज्या माणसाने केले त्याचे नाव पाउल आइस्लर.

आइस्लर व्हिएन्नाचा. जन्म १९०७ सालचा, शिक्षण इंजिनियरचे, जात ज्यूची. त्या काळच्या व्हिएन्नात या शेवटच्या गोष्टीपुढे पहिल्या दोहोंना किंमत नव्हती. धड नोकरी मिळेना, तेव्हा तो काही दिवस छापखान्याच्या व्यवसायात राहिला. शाई कोठे लागावी आणि कोठे लागू नये यावर सगळी छपाई चालते, ही गोष्ट तेथे त्याच्या मनात रुजली असावी. १९३६ साली तो इंग्लंडला गेला आणि लंडनमधल्या एका भाड्याच्या खोलीत त्याने तारांऐवजी छापलेल्या रेघांचा रेडिओ बनविला. कल्पना अशी : पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा, जेथे रेघ हवी तेथे तो झाकावयाचा आणि उरलेले तांबे तेजाबात विरघळवून टाकावयाचे. तारा जोडावयाच्या नाहीत, छापावयाच्या.

तो रेडिओ घेऊन आइस्लर एका मोठ्या कारखान्याकडे गेला. तेथे त्याला मिळालेले उत्तर आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. तुमची युक्ती चांगली आहे, पण जे काम ती वाचविते ते आमच्याकडे मुली करतात, आणि मुली स्वस्त पडतात व हव्या तशा वळविता येतात, असे त्याला सांगण्यात आले. यंत्र नको, कारण माणूस त्याहून स्वस्त आहे! यंत्र आले की माणसाचे काम जाते, हे आपण नेहमी ऐकतो. माणूस फार स्वस्त असला म्हणजे यंत्र दारातच अडते, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

पुढे युद्ध सुरू झाले. शत्रुराष्ट्रातला म्हणून इंग्रजांनी आइस्लरला काही काळ स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्याला आश्रय दिला तो एका शिळाछापखान्याच्या कंपनीने, रेडिओवाल्यांनी नव्हे. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. शोधाचे हक्क मात्र करारानुसार कंपनीकडे गेले, आणि १९६३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने तिथली पेटंटेही रद्दबातल ठरविली. आइस्लर १९९२ पर्यंत जगला. त्याच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या धंद्याच्या मानाने त्याच्या पदरात फारच थोडे पडले.

अमेरिकेत युद्धाच्या अखेरीस तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये चिनी मातीच्या चकत्यांवर चांदीची शाई छापून असेच काम करण्यात आले होते, पण ती रीत वेगळी. तेथील लष्कराच्या सिग्नल विभागातल्या डँको आणि अब्रामसन या दोघांनी १९४९ च्या सुमारास पुढचे पाऊल टाकले. भागांचे पाय पाटीच्या भोकांतून आरपार घालावयाचे आणि पाटी वितळलेल्या शिशा-कथलावर एकदाच बुडवावयाची, की सगळे सांधे एका दमात पक्के. १९५६ साली त्यांना पेटंट मिळाले. येथे ती जुनी वाटणी संपली. कोणती तार कोठे जाते हे आता बायकांच्या बोटांना ठाऊक असण्याची गरज उरली नाही. ते ज्ञान उचलून एका नव्या माणसाच्या टेबलावर ठेवण्यात आले. तो माणूस म्हणजे पाटीचा नकाशा काढणारा ड्राफ्ट्समन.

बायकांचे काय झाले? त्या कारखान्यातून गेल्या नाहीत. तारा जोडण्याऐवजी भोकांत भाग खोवू लागल्या. मुंबईत अंधेरीला १९७३ साली निर्यातीसाठी 'सीप्झ' हा इलेक्ट्रॉनिक विभाग निघाला, तेथेही या कामावर मुख्यतः मुलीच घेतल्या गेल्या. मुलींची बोटे नाजूक असतात, हे कारण पुढे केले जाई. नाजूक बोटांना पगारही नाजूकच का, हे मात्र कोणी सांगत नसे. असो. आमचा विषय नकाशेवाल्याचा आहे, त्याकडे वळू.

आम्ही १९८७ साली भोसरीच्या एका लहान कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो. तेथले आमचे वस्ताद पूर्वी बुधवार पेठेत ब्लॉकमेकरकडे होते. वर्तमानपत्रांतल्या चित्रांसाठी जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने ठसे कोरण्याचे काम त्यांनी केले होते. आइस्लरचे नाव त्यांनी ऐकले नव्हते, पण छापखान्यातून तांब्याकडे येण्याची त्यांची वाट नेमकी तीच होती. हे आमच्या ध्यानात पुष्कळ वर्षांनी आले.

कामाची रीत आता कोणाला पाहावयास मिळणार नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आतून दिवे असलेले काचेचे मोठे टेबल. त्यावर चौकटी आखलेला कागद. चौकट इंचाचा दहावा भाग, कारण आय.सी.चे दोन पाय तेवढ्या अंतरावर असत. त्यावर मायलरचा पारदर्शक ताव. जेथे भोक पडावयाचे तेथे काळे गोल ठिपके चिकटवावयाचे, त्यांना डोनट म्हणत, आणि एका डोनटपासून दुसऱ्यापर्यंत काळी चिकटपट्टी न्यावयाची. हे सगळे खऱ्या मापाच्या दुप्पट किंवा चौपट, म्हणजे हाताची चूक कॅमेऱ्याने लहान करताना तिही लहान व्हावी. पाटी दोन्ही अंगांनी छापावयाची असेल तर एका अंगाची पट्टी तांबडी आणि दुसऱ्या अंगाची निळी. कॅमेऱ्याला रंगीत काच लावली की एक रंग दिसे, दुसरा लोपे, आणि एकाच तावावरून दोन्ही अंगांच्या फिल्म निघत. त्या फिल्मवरून पाटीवर छाप, मग फेरिक क्लोराइडच्या तांबूस पाण्यात ती बुडविणे. त्या पाण्याचे डाग आमच्या त्या वेळच्या एकूणएक सदऱ्यांवर होते.

पहिले वर्षभर वस्तादांनी आम्हाला डोनट चिकटविण्यापलीकडे काही करू दिले नाही. पुढे पट्टी हातात दिली तेव्हा एकच गोष्ट रोज सांगितली, "ताणू नकोस." पट्टी ताणून लावली तर त्या वेळी सरळ, सुबक दिसते, पण रातोरात ती आखडते, वळणावरून सरकते आणि डोनटलाही ओढून नेते. सकाळी पाहावे तो रेघ तुटलेली. पावसाळ्यात तर हा उपद्रव फार. सैल हाताने, पट्टी आपल्या मनाने जाते आहे अशी सोडत न्यावयाची, आणि कटरने कापताना खालच्या तावाला चरा जाऊ द्यावयाचा नाही. हे पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकातून हातात येत नाही.

मात्र चिकटविणे ही कारागिरीची पायरी. विद्या निराळी होती. कोणता भाग कोठे ठेवावा यात सगळे होते. वस्ताद आधी दोन-दोन दिवस पट्टीला हातच लावीत नसत. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, त्यांना भागांची नावे देऊन, ते टेबलावर सारीपाटासारखे हलवीत बसत. साहेब म्हणत, हे खेळत बसले आहेत. तुकडे नीट जागी पडले की रेघा आपोआप मोकळ्या होत. नाही पडले तर कितीही हुशार माणूस बसविला तरी शेवटच्या चार रेघांना वाट मिळत नसे, आणि तेथे मग तारेचे उघडे तुकडे जोडण्याची नामुष्की येई.

तिसऱ्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक घडली. एका टायमरच्या पाटीची फिल्म आम्ही उलट्या अंगाने लावली. आरशात दिसावी तशी सगळी नक्षी उलटी छापली गेली, आणि दीडशे पाट्या भोके पाडून तयार झाल्यावर ते कळले. वस्तादांनी एक पाटी हातात घेतली, दोनदा फिरविली आणि म्हणाले, "भाग तांब्याच्या अंगानं बसवा." खरेच, उलटी नक्षी तांब्याच्या बाजूने पाहिली तर सुलटीच होती. बायकांना झाळताना त्रास झाला, पाट्या ओंगळ दिसल्या, पण टायमर चालले. माल वाचला तरी साहेबांनी आमच्या पगारातून आठ दिवसांचा रोज कापला. तक्रार घेऊन आम्ही युनियनच्या कचेरीत गेलो तेव्हा तेथल्या वृद्ध चिटणिसांनी १९३६ चा वेतन प्रदान कायदा पुढ्यात ठेवला. नुकसानीबद्दल कपात करावयाची तर आधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे त्यात होते. ती आम्हाला दिली गेली नव्हती. पैसे परत मिळाले, आणि आम्ही कायद्याचे वाचन करू लागलो ते आजतागायत.

त्याच सुमारास धंद्याचेही वाचन सुरू झाले. वॉल्टर बॉसहार्ट नावाच्या लेखकाचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९८३ साली टाटा मॅकग्रॉ-हिलने काढले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्विस साहाय्याने इलेक्ट्रॉनिक रचनेचे जे केंद्र उभे राहिले, त्याच्याशी या पुस्तकाचा संबंध होता. आपल्याकडचे हवामान, आपल्याकडचे सामान ओळखून लिहिलेले म्हणून ते आम्हाला जवळचे वाटले. शब्दकोश शेजारी ठेवून रात्री दोन पाने, या गतीने ते वाचावयास आम्हाला वर्षाहून अधिक लागले. मराठीत असे पुस्तक आम्हाला मिळाले नाही.

आता संगणकाची गोष्ट. तिचाही उगम व्हिएन्नाच्याच एका निर्वासिताकडे जातो, हा योगायोग नवलाचा आहे. जोसेफ गर्बर हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून निसटून १९४० साली अमेरिकेत पोचला. विद्यार्थिदशेत त्याने पायजम्यातील इलॅस्टिक काढून ताणता येणारी मोजपट्टी बनविली आणि तीवर पुढे कारखाना उभारला. १९६० नंतरच्या दशकात त्याच्या कंपनीने प्रकाशाच्या किरणाने फिल्मवर रेघा ओढणारे यंत्र काढले. त्या यंत्राला ज्या सांकेतिक भाषेत हुकूम द्यावे लागत तिला गर्बरचेच नाव पडले, आणि यंत्रे मोडीत निघाली तरी ती भाषा, सुधारून घेतलेली, आजही जगभर पाट्यांचे कारखाने वाचतात. आमच्यासारख्या लहान कारखान्यांपर्यंत संगणक आला तो मात्र टास्मानियातून. तेथे १९८५ साली निघालेल्या प्रोटेल कंपनीचे ऑटोट्रॅक्स साध्या टेबलावरच्या संगणकावर चाले. भोसरीत ते फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरले. किती जणांनी ते विकत घेतले होते हे विचारू नये.

आमच्या कारखान्यात संगणक १९९३ साली आला. त्याच्यासमोर बसविण्यात आला तो नुकताच डिप्लोमा झालेला एक मुलगा. पट्टी आखडत नाही, रेघ चुकली तर पुसता येते, उलटी फिल्म लावण्याची भीती नाही. चार आठवड्यांचे काम आठवड्यावर आले. आम्ही तोवर युनियनच्या कमिटीत होतो. १९९४ च्या करारात संगणकामुळे कोणालाही कमी करावयाचे नाही, हे कलम आम्ही मोठ्या झगड्याने घालून घेतले. संगणकावर बसणाऱ्याला भत्ताही मिळविला. पेढे वाटले. त्या संध्याकाळी वस्तादांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "मला ते यंत्र शिकायला मिळेल का रे?" आम्ही म्हणालो, "वस्ताद, तुमची नोकरी पक्की केली आहे, आता काळजी कशाची?"

यापेक्षा मूर्ख उत्तर आम्ही आयुष्यात दिलेले नाही. शिक्षणाचे कलम मागण्याचे आमच्या डोक्यातच आले नाही. मागितले असते तर मालकाने ते पगारवाढीपेक्षा सहज दिले असते, असे आज वाटते. वस्ताद नोकरीत राहिले, पण त्यांच्या टेबलाकडे काम येईना. चौदा महिने ते रोज वेळेवर येत, दिवा लावीत, जुन्या फिल्म पुसून पाकिटांत घालीत. मग स्वेच्छानिवृत्तीचा कागद निघाला, त्यावर त्यांनी सही केली. दिव्याच्या टेबलाची काच पुढे कँटीनच्या काउंटरला बसविली.

याच काळात आणखी एक फेरफार झाला आणि तोही आम्हाला उशिरा उमगला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत १९५६ साली तांत्रिक काम करणाराही घालण्यात आला होता. त्यामुळे ड्राफ्ट्समन हा निर्विवाद कामगार, आमचा सभासद. संगणकावर बसणाऱ्याला मात्र 'डिझाइन इंजिनियर' म्हणू लागले. काम तेच, रेघा त्याच. पण गळ्यात टाय आली आणि आपण कामगार नव्हेत अशी त्या मुलांची स्वतःचीच खात्री झाली. कायदा हुद्द्याचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो, हे त्यांना सांगावयास आम्ही कितीदा गेलो! रात्री अकरापर्यंत थांबणारी ती मुले नम्रपणे चहा पाजीत आणि वर्गणीची पावती मात्र घेत नसत.

पाट्या बनविणाऱ्या लहान कारखान्यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरील जकात काढून टाकण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला, आणि २००५ पर्यंत त्या यादीतल्या मालावरची जकात शून्यावर आली. दुसरीकडे गर्बरची फाइल क्षणात चीनला पाठविता येऊ लागली. आमच्या ओळखीची कितीतरी तेजाबाची टाकी कोरडी पडली. नकाशा काढण्याचे काम मात्र राहिले, वाढलेही. आज पुण्यात आणि बंगळूरला परदेशी कंपन्यांच्या पाट्यांचे नकाशे काढून देणाऱ्या कचेऱ्या आहेत. काढणारा येथे, छापणारा तेथे, आणि दोघांची ओळख नाही.

विद्या कशी बदलली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर संगणकाने सगळे सोपे केले असा समज होईल. वस्तादांच्या वेळी रेघ म्हणजे तार, ती इथून तिथे पोचली की झाले. आज सिग्नल इतके वेगवान झाले आहेत की रेघेची रुंदी, खालच्या थरापासून तिचे अंतर, जोडीच्या रेघांची लांबी, हे सर्व मोजावे लागते. जी वीज वरच्या रेघेतून जाते ती खालच्या तांब्याच्या थरातून बरोबर त्याच रेघेखालून परत येऊ पाहते. तेथे थर कापलेला असला तर तिला वळसा पडतो आणि सगळी पाटी कुरकुरू लागते. पाट्या चार, सहा, आठ थरांच्या झाल्या. भोकांत पाय घालणारे भाग मागे पडून पाटीच्या पाठीवरच चिकटणारे भाग आले, एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. २००६ सालापासून युरोपात शिसे घातलेल्या झाळीवर निर्बंध आले, तेव्हा भट्टीची उष्णताही वाढवावी लागली. आणि संगणकाला आपण होऊन रेघा ओढावयास सांगता येते खरे, पण जाणकार माणूस त्याच्यावर अजूनही पुरता विसंबत नाही. भाग कोठे ठेवावयाचे हे त्याला आधी स्वतःच ठरवावे लागते. पुठ्ठ्याचे तुकडे गेले, सारीपाट राहिला.

२०२० साली टाळेबंदीत युनियनची कचेरी बंद होती. आम्हाला पन्नाशी उलटलेली. एका सभासदाच्या मुलीने आमच्या संगणकावर किकॅड घालून दिले. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे एक शिक्षक, झाँ-पिएर शारास, यांनी १९९२ साली ते सुरू केले, आणि २०१३ पासून 'सर्न' या युरोपातील अणुसंशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. ते फुकट आहे, चोरून घ्यावे लागत नाही. मुलगी फोनवरून शिकवी. "काका, आधी आराखडा, मग पाटी, उलटं करू नका," असे ती आम्हाला किती वेळा म्हणाली असेल! पहिले दोन महिने आमचा हात माउसवरून पट्टी सोडावयास पाहत होता. शेवटी बॅटरी भरण्याची एक लहानशी पाटी तयार झाली. फाइल पाठविली, पाच पाट्या घरपोच आल्या, हिरव्यागार, कडा गुळगुळीत, आणि हाताला कोठेही डाग नाही.

त्यातली एक घेऊन आम्ही वस्तादांकडे चिंचवडला गेलो. ते ऐंशीच्या घरात. त्यांनी भिंग लावून दोन्ही अंगे पाहिली. फिल्म कोठे आहे, असे विचारले. फिल्म नसतेच आता, असे आम्ही सांगितले तेव्हा काही बोलले नाहीत. मग नखाने एक जागा दाखवून म्हणाले, "हा कपॅसिटर आय.सी.पासून एवढा लांब कशाला ठेवलास? पायाशी नको का?" आम्ही घरी येऊन तो पायाशी आणला आणि पाट्या पुन्हा मागविल्या.

आता रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत दोन संगणकांवर सहा मुले आणि चार मुली हे काम शिकतात. बहुतेक कंत्राटी कामगारांची मुले आहेत. ती मुलगी शिकविते, आम्ही सतरंज्या घालतो. वस्तादांना रिक्षाने आणतो. ते माउस हातात घेत नाहीत. मुलांच्या मागे उभे राहतात आणि भाग कोठे सरकवावयाचा ते बोटाने दाखवितात.